डोलकाठीवरच्या घारी

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे. त्याच्या मधल्या कप्प्यात या वर्षीही घारीनं संसार मांडलाय. थंडीचा जोर ओसरायला लागला की ती काड्या आणू लागते. एखादी वायर, एखादी चिंधी, एकदा तर कुणाच्या तरी चष्म्याची काडी. मी सकाळचा चहा घेऊन खिडकीशी बसते आणि बघत राहते. घरच्यांना वाटतं, आजीला पक्ष्यांची आवड. मी ते खोडून काढत नाही. काहीतरी आवड असलेली म्हातारी घरात सगळ्यांना सोयीची असते.

परवा टॉवरच्या दुरुस्तीला दोन माणसं आली. आमच्या सातव्या मजल्यावरची तन्वी कॉलेजात जाते आणि गळ्यात दुर्बीण अडकवून फिरते. तिनं त्या इमारतीत जाऊन माणसांना गच्चीच्या दारातच अडवलं. घरट्यात अंडी आहेत, कायद्यानं हात लावता येत नाही, म्हणाली. तिथल्या सेक्रेटरींनी खूप आदळआपट केली. घारीपायी त्यांचा फोन लागत नाही आणि बँकेचे आकडे वेळेवर येत नाहीत. शेवटी कंपनीच्या माणसानं फोनवर कुणाशी तरी बोलून सांगितलं, ठीक आहे, पिल्लं उडाली की येतो.

तन्वीनं येऊन सांगितलं आणि हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आणि ते ऐकून आमच्या घरात तीन माणसांनी एकदमच सुटकेचा श्वास टाकला होता.

आम्ही घोडपदेवला चाळीत राहायचो. वडील मूळचे खलाशी. देवगडकडच्या गलबतांवर त्यांची तरुणपणची वर्षं गेली, मग गलबतं कमी झाली आणि ते मुंबईत आले. बंदराच्या बाजूला एका कंपनीचा बिनतारी संदेशांचा उंच मनोरा होता. बोटींशी बोलणं त्यावरून चाले. तो रंगवायचा, त्याच्या तारा ताणायच्या, गंज खरवडायचा, ही त्यांच्या टोळीची नोकरी. सगळी टोळी खलाशांची, त्यामुळे मनोऱ्याला कुणी मनोरा म्हणत नसे. डोलकाठीच म्हणायचे. थंडी सुरू झाली की डोलकाठीचं काम निघे आणि पावसाच्या आत संपवावं लागे. आमच्या घरातल्या थंडीला त्यामुळे टर्पेंटाइनचा वास होता. अजूनही कुठे रंगकाम चाललेलं असलं की मला आधी थंडी आठवते, मग बाकीचं.

खालचा अर्धा मनोरा कुणीही रंगवी. वरच्या टोकापर्यंत जाणारे बाबा एकटेच. एका पाटावर बसायचं, पाट कप्पीवरच्या दोराला बांधलेला, खालून तीन-चार जण दोर ओढायचे. पण दोराचं शेवटचं टोक, त्याला ते शेपूट म्हणत, खाली एका लोखंडी खुंट्याला वेढे देऊन एकाच माणसाच्या हातात असे. वरचा माणूस दोराला हिसका देऊन सांगणार, थांब, वर घे, खाली सोड. शेपूट धरणाऱ्यानं ते हातात ओळखायचं आणि ओढणाऱ्यांना सांगायचं. वाऱ्यात हाका ऐकू येत नाहीत. आणि गलबतावरची रीत अशी, की शेपूट आपल्या रक्ताच्या माणसाकडेच द्यायचं. भाऊ, बाप नाहीतर मुलगा. परका माणूस कितीही चांगला असला तरी शिंकेल, वळून बघेल, कुणाशी दोन शब्द बोलेल. बाबांचं शेपूट माझा भाऊ वसंता धरायचा. मिसरूड फुटल्यापासून त्याचं तेच काम. त्याच्या दोन्ही तळव्यांना दोराचे आडवे घट्टे पडले होते, आणि जेवताना तो भात कालवायला लागला की ते दिसायचे.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा आमच्या चाळीच्या भिंतींवर गेरूनं लिहिलेल्या होत्या, शिवाजी पार्कच्या सभांना गॅलरीतले निम्मे पुरुष जात, आणि गिरण्या चालू आहेत की बंद हे सकाळी भोंगा झाला की नाही त्यावरून कळे. मी एका गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, होते. गिरणी बंद म्हणून मी त्या दिवशी घरीच होते. आईनं बांगडे आणले होते, पण कोळसे ओले निघाले आणि शेगडी काही केल्या धरेना. वसंता चपला घालत होता. आई म्हणाली, थांब जरा, होतंच आहे. तो म्हणाला, "आये, येऊन जेवतंय." आणि जिना उतरला.

लालबागच्या नाक्याजवळ गोळीबार झाला. त्यात तो गेला. तो मोर्चात होता, की बघायला थांबला होता, की नुसताच रस्ता ओलांडत होता, आम्हाला कधीच कळलं नाही. त्याच्याबरोबर कोण होतं तेही नाही. पुढे महाराष्ट्र मिळाला तेव्हा चाळीच्या मंडळानं त्याचा फोटो मोठा करून आणला, हार घातला, भाषणं झाली. भाषणात वसंता घोषणा देत पुढे झेपावला होता. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मध्येच त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ होय होता की नाही, ते मलाही ठाऊक नव्हतं.

रडारड झाली नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण आमच्याकडे कुणीच रडलं नाही. अंत्यविधी घाईघाईत उरकावा लागला, रस्त्यात पोलिस, येणारी माणसं जपून येत होती आणि लवकर परतत होती. बाबांनी त्याचं तोंड नीट पाहिलं नाही. त्याचे हात पाहिले, तळवे वर करून पाहिले आणि परत सरळ केले. आई "उपाशी गेलो", म्हणजे वसंता उपाशी गेला, एवढंच म्हणायची. रडण्याच्या सुरात नाही, एखाद्याला पत्ता सांगावा तसं. कुणी भेटायला आलं की सांगायची, उपाशी गेलो. मी गिरणीत परत जायला लागले. सुटलेले धागे जोडत होते, मैत्रिणी बोलत होत्या त्याला उत्तरं देत होते. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याची तेवढी भीती वाटायची.

सुतकात डोलकाठीवर चढायचं नाही, हीही रीत. त्यामुळे त्या दिवसांत वर कुणी गेलं नाही. एरवी घार पहिल्या काड्या आणायची तेव्हाच बाबा त्या काढून टाकत. रोज आणेल, रोज काढायच्या, मग कंटाळून ती दुसरीकडे जाई. चिंचेवर, गोदीतल्या क्रेनवर, कुठेही. एकदा अंडं घातलं मात्र, की मग डोलकाठी तिची. अंडं असलेल्या काठीवर चढायचं नाही, यावर टोळीत वादच नव्हता. त्या वर्षी काड्या काढायला कोणी नव्हतं. घारीनं निवांत घरटं बांधलं. रस्त्यांवर त्या थंडीत काय काय पडलेलं असायचं, काळ्या निशाणांच्या चिंध्या, फाटके कागद, तुटलेल्या चपलांचे पट्टे. तिला सामानाची ददात पडली नसणार.

सुतक फिटल्यावर बाबा कामावर गेले आणि संध्याकाळी येऊन भिंतीला टेकून बसले. आईनं विचारलं, चढलात? म्हणाले, नाही, वर अंडी आहेत. दादू मुकादमांनी साहेबाला सांगितलं होतं आणि साहेबही भला, म्हणाला, रंगाची पिंपं पडून आहेत ती राहू देत, पावसाच्या आत करा म्हणजे झालं. पिल्लं उडाली की चढा. तोवर बाबांनी खाली बसून साखळ्यांचा गंज काढायचा.

चाळीत या गोष्टीचं फार कौतुक झालं. स्वतःचं पोर गेलं तरी पाखराच्या पोरांवर माया बघा, असं बायका नळावर बोलायच्या. एक म्हातारे गृहस्थ तर बाबांच्या पाया पडायला आले. बाबांनी पाय ओढून घेतले. पाखरांवर माया वगैरे काही नव्हती, हे आम्हा तिघांना माहीत होतं. वर अंडी होती तोवर त्यांना चढावं लागणार नव्हतं, आणि चढावं लागणार नव्हतं तोवर शेपूट कुणाच्या हातात द्यायचं हा प्रश्न येणार नव्हता. मुकादमांनी एकदा घरी येऊन हळूच विषय काढला. "सखाराम, मी धरतो. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" बाबा म्हणाले, विश्वास आहे. मग म्हणाले, "दोर परक्याच्या हातात देऊचो नाय." मुकादमांना राग आला नाही. ते चहा प्यायले आणि गेले.

बाबांना उंचीची भीती बसली होती, असं नाही. मला वाटतं, वर गेल्यावर आपणच स्वतःला सोडून देऊ, याची त्यांना भीती होती. वर टोकावर पाटावर बसलेल्या माणसाला खालून कुणीतरी आपलं धरून आहे, एवढ्यावरच सगळं असतं. हे ते बोलले नाहीत. पण आई एकदा पाट्यावर मसाला वाटताना मला म्हणाली, तुझा बाबा वर गेला तर खाली येणार नाही. आणि वाटत राहिली. मला तेव्हाही धस्स झालं नाही. मी तिला नारळ खवून दिला.

परवा टॉवरसाठी आलेल्या त्या दोघांतल्या तरुण मुलाला मी लिफ्टमध्ये गाठलं. तन्वीनं कागदावर सही घ्यायला त्याला आमच्या इमारतीत आणलं होतं. कमरेला जाड पट्टा, त्याला दोन मोठे आकडे. मी विचारलं, "वर चढतोस तेव्हा खाली कोण धरतं तुला?" तो हसला. "कोण नाय आजी. हुक असतो ना. एक लावायचा, मग दुसरा सोडायचा. आपला आपण." मी म्हटलं, हे बरं आहे. खरंच बरं आहे. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

तर आम्ही त्या घारींवर नजर ठेवून होतो. आमच्या चाळीच्या गच्चीवरून डोलकाठीचं टोक दिसायचं. मी गिरणीतून आले की वर जाऊन बघायची. घार बसलेली दिसली की खाली येऊन सांगायची, आहे. एक दिवस दोन पांढुरकी डोकी दिसली. बाबा कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी विचारायचे, आज हलली का? मी म्हणायची, नाही, अजून लहान आहेत. ते ऐकून मग हातपाय धुवायला जायचे. लोक परीक्षेच्या निकालाची वाट बघतात, आम्ही निकाल लागू नये म्हणून वाट बघत होतो.

आईनं घारींना खायला घालायला कधी सुरुवात केली, ते लक्षात आलं नाही. आधी मासे साफ करून उरलेलं टाकायची ते गच्चीच्या कोपऱ्यात टाकू लागली. मग बाजार उठता उठता भायखळ्याला जाऊन कोळणींकडून टोपलीभर डोकी, आतडी, कल्ले आणू लागली. गच्चीवर ठेवून बाजूला उभी राहायची. घार खाली झेपावायची, पंजात धरून डोलकाठीकडे जायची, परत यायची. आईच्या चेहऱ्यावर काही नसे. टोपली रिकामी झाली की ती धुवून उलटी घालायची. चाळीत बोंबाबोंब सुरू झाली. वासानं लोक हैराण, आणि घारी इतक्या धीट झाल्या की गॅलरीत वाळत घातलेला बोंबील सोडाच, शेजारच्या कमलाकाकूंच्या पोराच्या हातातला पाव गेला. काकू तणतणत आल्या. "वहिनी, तुम्ही घारींना जेवायला बोलावता, आणि जेवतात त्या आमच्याकडे!" आईनं आतून दोन पाव आणून पोराच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली.

मी तिला विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "पोटाक गावला की पोर घराभायर पडना नाय."

मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं, हे सांगायला हवं. शेगडी वेळेवर धरली असती तर वसंता जेवायला बसला असता, जेवल्यावर त्याला नेहमी सुस्ती यायची, तो तिथंच चटईवर आडवा झाला असता. हे आम्ही दोघी मनातल्या मनात दिवसातून कितीदा तरी जुळवून बघत होतो. तसंच या पिल्लांचं. घरात बसल्याजागी मिळतंय म्हटल्यावर उडतील कशाला? बसतील की पाऊस येईपर्यंत. पाऊस आला की काम पुढच्या थंडीवर जाईल. पुढच्या थंडीचं पुढं बघू.

आणि पिल्लं भराभर वाढली. पांढुरकी डोकी तपकिरी झाली. ती घरट्याच्या कडेवर येऊन पंख झाडू लागली, जागच्या जागी उड्या मारू लागली. आसपासच्या झाडांवरची पिल्लं अजून घरट्यात मान टेकून होती, आणि आईच्या टोपलीवर पोसलेली आमची त्यांच्या आधी तयार झाली. एका सकाळी एक दिसलं नाही. संध्याकाळी दुसरंही नव्हतं. मी गच्चीवर बराच वेळ उभी राहिले, मग खाली आले. बाबांनी चपला काढायच्या आधी विचारलं. मी म्हटलं, गेली.

बाबा उंबऱ्यातच बसले. आई शेगडीपुढे होती. ते तिच्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "तू त्यांका बेगीन मोठी केलंस."

आईनं निखारे सारखे केले. "आवशीन पोरांका मोठी करूक नाय तर काय करूक व्हया?" ती म्हणाली. त्यानंतर तिनं ताटं मांडली आणि आम्ही जेवलो.

सकाळी मी डबा भरत होते. बाबा म्हणाले, "शालू, आज मिलात जाव नको. माझ्यावांगडा ये." आईनं वर पाहिलं नाही, पण माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि त्यात अजून एक भाकरी घातली.

मी त्या आवारात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. बायका तिथे येत नसत. मुकादमांनी मला बघितलं, बाबांना बघितलं. "सखाराम, अरे पोरगी आहे." बाबा म्हणाले, "वायंडिंगक आसा. धागो तुटायच्या आधी तिका कळता." साहेब खोलीच्या दारात आला होता, तो तसाच आत वळला. बाबांनी खुंट्याला दोराचे वेढे दिले, शेपूट माझ्या हातात दिलं आणि माझी बोटं त्याच्याभोवती नीट मिटवली. "येक हिसको, थांब. दोन, वर. तीन, खाली. दुसऱ्या कुणाकडे बघू नको." जमेल का, असं त्यांनी विचारलं नाही. पाटावर बसले, मांडीवर रिकामी गोणी घेतली, आणि ओढणाऱ्यांनी दोर ओढायला सुरुवात केली.

मी वर बघितलं नाही. दोराकडे बघत होते. दोर जाड, तेलकट आणि जिवंत असल्यासारखा ताठ. दोन हिसके आले, मी म्हटलं, वर. पुन्हा दोन. वर. वसंता हेच वर्षानुवर्षं करत होता, आणि घरी येऊन कधी काही सांगायचा नाही. मला वाटायचं सोपं काम असेल, नुसतं धरून उभं राहायचं. बऱ्याच वेळानं एक हिसका आला. मी म्हटलं, थांबा. बाबा टोकाला पोचले होते.

मग काहीच आलं नाही. ओढणारे पाय रोवून उभे. वारा बंदराकडून येत होता. आणि दोर थरथरायला लागला. हिसका नव्हता तो. बारीक, थांबून थांबून, पुन्हा सुरू होणारी थरथर, माझ्या बोटांतून कोपरापर्यंत येत होती. याचा अर्थ काय, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण कळलं. वर, जिथं त्यांना कुणी बघू शकत नव्हतं, तिथं बाबा रडत होते.

"काय म्हणतोय गं?" मुकादमांनी विचारलं.

"थांबा म्हणतात," मी म्हटलं.

ते थांबले. मी दोर धरून राहिले. ढिला पडू दिला नाही, ओढलाही नाही. थरथर हळूहळू विरळ झाली, मग थांबली, तरी पुढचा इशारा येईना. वर गेला तर खाली येणार नाही, हे आईचं बोलणं मला आठवलं आणि तेव्हा मात्र धस्स झालं. मी दोराला दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि, असं करायचं नसतं हे ठाऊक नसल्यामुळे, खालून एक हिसका दिला. खालून वर इशारा द्यायची त्या टोळीत रीतच नव्हती.

थोड्या वेळानं वरून उत्तर आलं. एक. मग दोर इकडेतिकडे हलल्याचं जाणवलं, म्हणजे ते घरटं काढून गोणीत भरत असावेत. मग तीन हिसके आले.

मी म्हटलं, खाली. खुंट्याभोवतीचे वेढे सैल होत गेले आणि दोर माझ्या तळव्यांतून सरकत, घासत वर जाऊ लागला. मी सोडला नाही. बाबा जमिनीला लागले, पाटावरून उठले, गोणी बाजूला ठेवली. चेहरा कोरडा होता. त्यांनी माझे हात धरून उलटे केले आणि तळवे बघितले. दोन्हीकडे साल निघाली होती.

"उद्या येताना हाताक फडको बांध," ते म्हणाले. "दोर लागता."

तोपर्यंत मला कळलंच नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर तळवे चुरचुरायला लागले, मग चांगलेच भाजू लागले. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी दुखत होतं.